दोन घरांची तुळई

भाकरी थापून झाली, दैवशालानं ती तव्यावर टाकायला हातावर घेतली, आणि वरून चिमूटभर पिवळं पीठ नेमकं भाकरीच्या मधोमध पडलं. तिनं वर बघितलं. तुळई आपल्या जागी होती. मोठी, धुरानं काळी झालेली, आणि तिच्या पोटाला सुईच्या टोकाएवढी भोकं. काल होती त्यापेक्षा आज जास्त.

"आज भाकरीवर आला मुडदा," ती म्हणाली. "उद्या पाट मांडून जेवायला बसन."

भागवत ओसरीवर बशीतला चहा फुंकत होता. तो याच वाक्याची वाट बघत असावा.

"म्या तेच तर सांगून राह्यलो. घराला भुंगा लागला. राधेश्याम शनवारी टेम्पो घेऊन येतो म्हन्ला. लाकूड तो उचलन, त्याच्यात आपल्या सिमिटाच्या सल्याबचा बराच खर्चा निघन."

राधेश्याम हा जालन्याचा जुन्या लाकडाचा व्यापारी. गावात कुणाचं माळवद उतरायचं असलं की त्याला वास लागायचा. मागच्या आठवड्यात तो येऊन गेला होता. तुळईत चाकूचं टोक खुपसलं, भुसा तळहातावर घेतला, फुंकला आणि मान हलवली. आतून सगळी पोकळ आहे, यंदाच्या पावसात बसते, म्हणाला.

"त्यानं चाकू तुळईत खुपसला आन जीव तुमचा गेला," दैवशाला म्हणाली. "तो यापारी हाय का वैद्य?"

"गल्लीत समद्यांचे सल्याब झाले."

"व्हय ना. म्हनून तर वैशाखात सारी गल्ली दुपारची आपल्या ओसरीवर येऊन लोळती."

हे मात्र खरं होतं. माळवदाखाली गारवा असायचा. लाकडावर किलचा म्हणजे काटक्यांचा थर, त्यावर हातभर पांढरी माती. ऊन वरच्या वर मरायचं. पण दर वर्षी मिरगाच्या आधी त्या मातीवर नवी माती टाकावी लागते, नाहीतर गळतं. आणि तुळईला भुंगा लागलेला असताना तिच्या डोक्यावर आणखी माती टाकायची कशी, हा यंदाचा पेच होता. माती टाकली आणि तुळई मोडली तर घरातली माणसं खाली. नाही टाकली तर पाऊस घरात.

दैवशालाबद्दल गावात एक बोलवा होती. तिला एखादी गोष्ट बरोबर वाटली की ती बरोबर असायची. आणि चुकली, तरी ती बरोबरच असायची. तिनं भाकरीवरचं पीठ झटकलं, भाकर तव्यावर टाकली आणि निकाल दिला.

"शनवारच्या आत म्या औषध घालते तुळईला. भुंगा मेला तर मेला. न्हाई मेला तर खुशाल पाडा, म्या तोंडातून शब्द काढनार न्हाई."

"अगं, पन तुळई आपल्या एकट्याची हाय का?"

इथं मात्र दैवशालाचा हात तव्यावर थांबला.

घर दोन भावांचं होतं. थोरला भागवत, धाकटा तातेराव. वाटणी झाली तेव्हा पंचांनी भांडी वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले. घराच्या मधोमध भिंत घातली. पण वरची तुळई एकच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग. ती करवतीनं कापली तर दोघांचंही घर खाली येणार, म्हणून पंचांनी ती सामाईक ठेवली. भिंत तुळईच्या थोडी खालीच थांबली, आणि वर हातभर उघडी फट राहिली. त्या फटीतून या घरचा ठसका त्या घरी जायचा आणि त्या घरची फोडणी या घरी यायची.

वाटणी होऊनही दोन्ही घरं गोडीनं राहत होती. बिघडलं ते बांधावरच्या आंब्यापायी. झाड दोघांच्या शेतांमधलं. तातेराव हसनाबादच्या बाजाराला गेला, आणि भागवतनं माणसं लावून झाड पाडलं. संध्याकाळी तातेराव परत आला तर बांधावर नुसता बुडखा. तेव्हापासून बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे तोंडावर बंद. तातेरावच्या बायकोला, गिरिजाबाईला काही सुनवायचं असलं की ती शेळीला सुनवायची. "शेळे, काही मान्सं दुसऱ्याच्या दारात खरकटं पानी टाकतेत बघ." लगेच दैवशाला आपल्या कोंबडीला हाक मारायची. "कोंबडे, ज्यांचं दार उताराला हाय त्यांनी पान्याला शिव्या देऊ नै." लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं शेळीला बोलायचं आणि जावेला लागायचं. दोन वर्षं त्या मुक्या जनावरांनी फार ऐकून घेतलं.

"तातेरावचं काय म्हननं?" दैवशालानं विचारलं.

"मला काय म्हाईत? राधेश्याम त्यालाबी भेटला म्हन्ला. दोघांचाबी सल्याब झाला की मधली भित थेट वरपर्यंत न्यायची. मंग कोनाचा खोकला कोनाला ऐकू येनार न्हाई. कटकट मिटली."

 दैवशालानं भाकरी उलटली तर ती करपली होती.

त्या घरी सध्या आकांक्षा आली होती. गिरिजाबाईची लेक, पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. ती जन्मली तेव्हा गिरिजाबाईला दूध आलं नव्हतं. आकांक्षा दैवशालाच्या अंगावर प्यालेली, तिच्याच मांडीवर वाढलेली पोर. येऊन पंधरवडा झाला, पण आईच्या धाकानं ती भिंतीच्या या बाजूला आली नव्हती. दैवशाला दुपारी भिंतीला पाठ लावून बसायची आणि वरच्या फटीतून तिचं चालणं ऐकायची. आज पाय जड पडतायत, आज कंबर धरली असेल. भुंगा तर भुंगा, पण ती फट बुजली तर पोरीचा आवाजही जाणार होता. हे तिला झेपणारं नव्हतं. पण असं काही तोंडानं कबूल करणाऱ्यांतली ती नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनाला टोचत होती. आठ दिवसांपूर्वी गिरिजाबाईनं शेजारणीच्या हाती निरोप धाडला होता. थोरलीकडं पाळणा आहे, पोरीला लागंल. पाळणा खरंच होता. दैवशालाच्या नातवासाठी केलेला. नातू महिनाभर त्यात झोपला आणि आपल्या बापासोबत, म्हणजे दैवशालाच्या लेकासोबत, कल्याणसोबत, जालन्याला कंपनीच्या खोलीवर गेला. पाळणा चादरीत गुंडाळून वर तुळईच्या कडीला बांधून ठेवला होता. पण ज्यांनी आपल्याशी शेळीमार्फत बोलावं, त्यांनी पाळणा मात्र शेजारणीमार्फत मागावा? दैवशालानं सांगून टाकलं, "पाळना मोडलाय म्हनावं."

निरोप गेला. त्या दिवशी शेळीलाही कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गयासोद्दीन मिस्तरीला बोलावलं. तो गिरमिट घेऊन आला, शिडीवर चढला आणि तुळईत गिरमिट फिरवू लागला. आधी पिवळं पीठ पडलं, बोटाच्या पेराएवढ्या खोलीपर्यंत. मग गिरमिट अडलं. मिस्तरीनं दात खाऊन जोर लावला, तशी तांबूस, तेलकट कात्रणं वळून बाहेर आली. सागाचा वास घरभर झाला.

"भाबी, वरची साल खाल्ली. गाभा आजून बराबर हाय," तो म्हणाला. "पन म्या जबान न्हाई देत. किडा आतल्या आत कुठं गेला ते अल्लाला ठावं. दवा टाकायची तर जल्दी टाका. आता त्याचे बाहेर निघायचे दिवस हायेत."

"बिलकुल न्हाई खाल्ला गाभा," दैवशाला भागवतकडं वळून म्हणाली. "मामंजींनी सागाचं हे लाकूड अंधाऱ्या पाखात तोडलं व्हतं आन आख्खा पावसाळा विहिरीत बुडवून ठिवलं व्हतं. त्याला कशाचा भुंगा लागतो? हा भुंगा तिकडून आला. त्यांच्याकडं तुरकाठ्या, बांबू, काय काय खच पडलाय. तिथूनच आला."

हे ती मुद्दाम मोठ्यानं बोलली. पलीकडं भांडं आपटलं.

भागवतनं हसनाबादहून औषध आणलं, ट्रॅक्टरच्या गॅरेजातून डबाभर जळकं ऑइल आणलं, आणि गुरांच्या डॉक्टरकडून एक जुनी जाड सुई मागून आणली. चूल विझवली. पिठाचे डबे, हंडे, देव, सगळं अंगणात नेऊन ठेवलं. दैवशालानं नऊवारीचा काष्टा कसला, पदर नाका-तोंडावरून बांधला आणि शिडीवर चढली.

"तू उतर, म्या करतो," भागवत म्हणाला.

"तुमी तोडायच्या कामाचे. हे जोडायचं हाय. डबा धरा."

एकेका भोकात सुई घालायची, दट्ट्या दाबायचा, औषध भोकातून परत वाहू लागलं की पुढच्या भोकाला जायचं. काम दिसायला सोपं होतं. पण हात डोक्याच्या वर, मान मागं, औषधाची झणझण डोळ्यांत. तासाभरात तिच्या खांद्यात गोळे आले. एक थेंब कपाळावरून डोळ्यात उतरला तेव्हा ती खाली येऊन तांब्याभर पाण्यानं डोळा धुऊन आली आणि पुन्हा चढली. भिंतीजवळचं एक भोक मात्र औषध पीतच राहिलं. सुईभर औषध गेलं, दुसऱ्यांदा गेलं, तिसऱ्यांदा गेलं, तरी भरेना.

आणि पलीकडून किंकाळी आली.

"अगं माय माय! शेवयाचं पीठ नासलं की गं माझं!"

त्या भोकाचा बोगदा सालीखालून भिंतीपलीकडं निघालेला. या घरी घातलेलं औषध त्या घरी गळलं होतं, नेमकं गिरिजाबाईनं मळून ठेवलेल्या रव्यात. तिनं सवयीनं तोंड उघडलं. "शेळे! कोनाला डोळे हायेत का न्हाई गं..." आणि तिनं वर बघितलं. फटीत दैवशालाचं तोंड होतं. पदरानं बांधलेलं, एक डोळा लाल. शिडीवर चढल्यामुळं ती थेट पलीकडं बघत होती. मधे ना शेळी, ना कोंबडी.

दोघी दोन वर्षांनी एकमेकींना तोंडासमोर सापडल्या. 

"काय घालून राह्यल्या वरून?" गिरिजाबाईनंच आधी विचारलं.

"भुंग्याचं औषध. ते पीठ फेकून दे, कोंबडीलाबी घालू नको."

"एकटीच? तुळई सामाईक हाय. इचारायचं तरी!"

"तुमच्याकडूनच आला भुंगा. तुमाला काय इचारायचं?"

"आमच्याकडून?" गिरिजाबाईचा आवाज चढला. "थांब. येते तिकडं. दाखीव मला."

आणि ती खरंच आली. दोन वर्षांत न ओलांडलेला उंबरठा तिनं तरातरा ओलांडला, हाताला पीठ तसंच. तिच्या मागून, कंबरेवर हात ठेवून, हळूहळू आकांक्षा आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिला बघून दैवशालाला शिडीवरून उडी टाकावीशी वाटली. पण भांडण अर्ध्यात होतं.

"बघ," ती म्हणाली, "भितीजवळ किती भोकं हायेत बघ. तिकडूनच इकडं..."

"आन ती काय मग?" गिरिजाबाईनं बोट केलं. "त्या गाठोड्यापाशी?"

भोकं भिंतीजवळ होती, पण विरळ. गाठोडं बांधलेल्या कडीभोवती मात्र तुळईची चाळणी झाली होती. दैवशालानं ते रोज खालून बघितलं होतं आणि रोज भिंतीकडंच बघितलं होतं. आता तिथं औषध घालायचं तर गाठोडं सोडणं भाग होतं. तिनं गाठ सोडली. चादर एका हातात आली. पाळण्याची दांडी दुसऱ्या हातात आली आणि हातातच मोडली. तळ सुटला, आणि सूपभर पिवळं पीठ तिच्या डोक्यावर, खांद्यांवर, शिडीवर, खाली उभ्या भागवतवर सांडलं. पाळण्याच्या चार फळ्या जमिनीवर पडल्या. त्यांच्यात वजन म्हणून राहिलं नव्हतं.

आधी बोलली ती आकांक्षा, आणि तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"मोठी आई, हा तर मोडलेला व्हता ना?"

दैवशाला शिडीवर तशीच उभी राहिली. पापण्यांवर पीठ होतं म्हणून बरं. आयुष्यात तिला कुणी एवढं उघडं पाडलं नव्हतं, आणि हे पोरीनं पाडलं, जिला तिनं दूध पाजलं होतं.

ती खाली उतरली. एक फळी उचलून बघितली. ते लाकूड तिला ओळखायला वेळ लागला नाही. बांधावरचा आंबा. चांदण्या पाखात घाईनं तोडलेला, रसानं ओला. लाकूड विहिरीत भिजत टाकायचं असतं, हे घरातल्या कुणाला शिकवायची गरज नव्हती. पण विहीर सामाईक. ओंडका पावसाळाभर विहिरीत राहिला तर तातेराव आपला म्हणून काढून नेईल, या भ्यानं भागवतनं तो तसाच ओला रंध्याखाली घातला होता. तेव्हा दैवशालाही म्हणाली होती, "व्हय, जल्दी करून टाका."

"हा भुंगा आमच्या घरचा हाय," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, खणखणीत. फक्त बोलणं नवं होतं. "आंब्याच्या लाकडातून आला. आन गिरिजे, पाळना मोडला न्हवता. म्या खोटं बोलले. आता मोडला."

भागवत पायाच्या अंगठ्यानं भुशात रेघ ओढत होता.

गिरिजाबाईनं तळाची एक फळी हातात घेतली. दोन बोटांत दाबली तर तिचा चुरा झाला. तिनं आकांक्षाच्या पोटाकडं बघितलं, मग फळीकडं.

"बरं झालं दिला न्हाईत, अक्का," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं लेकरू खाली पडलं असतं."

दैवशालानं पुष्कळ शिव्या ऐकल्या होत्या, आणि प्रत्येक शिवीला तिच्याकडं सव्वा शिवी असायची. ही मात्र शिवी नव्हती. तिनं पदर सोडून तोंड पुसलं आणि रडू आलं ते औषधाच्या नावावर खपवलं.

"आमच्याकडं शिडी न्हाई," गिरिजाबाई जाता जाता म्हणाली. "तुमची झाली की द्या. तिकडल्या बाजूनंबी भोकं हायेत."

"झाली की काहून? आत्ताच ने," दैवशाला म्हणाली. "म्या बाजंवर माच ठिवून उभी राहते. दोन्हीकडून एकदमच भरलं तर कुठं जाईन मुडदा?"

दुपारी तातेराव शेतातून आला तर त्याच्या घरात थोरल्या भावाची शिडी आणि शिडीवर त्याची बायको. तो दारात थबकला. "हे काय?" म्हणाला. गिरिजाबाईनं वरूनच सांगितलं, "डबा धरा." त्यानं धरला. सुई एकच होती. ती फटीतून इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरू लागली. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पण भागवतनं फटीतून नुसता हात पुढं केला की तातेराव त्यात सुई ठेवायचा, टोक आपल्याकडं धरून. चार वाजेपर्यंत तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत औषध पिऊन गच्च झाली. मग भोकांत मेण भरलं आणि वरून जळकं ऑइल फिरवलं.

पाळण्याच्या लाकडात औषध गेलं नव्हतं, पण किडे होते. ते जाळणं भाग होतं. पाळणा जाळू नये म्हणतात. भागवत घुटमळला.

"आना इकडं," दैवशाला म्हणाली. "अंगनात चूल मांडा. पोरीची कंबर सकाळपासून धरलीय, तिला याच्यावर पानी तापवते. लेकराच्या आईच्या अंगावर गेलं म्हंजी पाळन्याचं काम झालंच की."

त्या संध्याकाळी आंबा चुलीत तडतडून जळाला, आणि आकांक्षाला दैवशालानं स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं. कंबरेवर कढत पाणी ओतताना पोर म्हणाली, "मोठी आई, हळू." दैवशाला म्हणाली, "गप. पाठ माझी हाय." आणि चोळत राहिली.

शनिवारी राधेश्यामचा टेम्पो आला. त्यानं ऑइलानं चकाकणारी तुळई बघितली आणि मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवलं.

"वहिनी, किडकं लाकूड ते. कशाला जीव टांगून घेता?"

दैवशालानं गिरमिटाची तांबूस कात्रणं डबीत ठेवली होती. डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. राधेश्यामनं वास घेतला आणि बेशरमासारखा हसला.

"असा गाभा आता मिळत न्हाई. त्याच्यासाठीच तर आल्तो."

"मंग चहा घ्या आन रिकामे जा."

त्यानं चहा घेतला, तोही गिरिजाबाईच्या हातचा, आणि रिकामा गेला. पुढच्या दोन दिवसांत गाढवांवरून पांढरी माती आली. दोन्ही घरची माणसं माळवदावर चढली. टोपल्यामागून टोपलं पडत होतं, आणि दैवशाला खाली तुळईखाली उभी होती, मुद्दाम. भागवत ओरडला, "बाजूला हो, काही इपरीत झालं तर?" ती म्हणाली, "टाका." तुळईनं हूं की चूं केलं नाही.

आषाढात एका दुपारी भागवत ओसरीवर आडवा झाला होता. दैवशाला तांदूळ निवडत भिंतीला टेकून बसली होती. वरून आवाज आला. कुर्र, कुर्र. थांबून पुन्हा कुर्र, कुर्र.

भागवत धडपडून उठून बसला. "आयला! म्येला न्हाई वाटतं भुंगा. ऐकलं का? तुळईतूनच येऊन राह्यला आवाज."

दैवशालानं हातातला तांदूळ सुपात ठेवला. मागं हात नेऊन भिंतीतल्या, तुळईखालच्या खांबावर तळवा टेकला. तुळईचं हलणं खांबातून हाताला लागत होतं. तिकडल्या बाजूला, तुळईला बांधलेल्या दैवशालाच्याच जुन्या नऊवारीच्या झोळीत, आकांक्षाची दीड महिन्याची लेक निजायचं नाव घेत नव्हती.

"झोपा," ती म्हणाली. "नात हलून राह्यली आपली."